भाड्याने दिलेला आवाज

उद्या आमच्या मुदखेडच्या पोलीस ठाण्यात माझी मुलगी काय सांगेल, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही आणि आता घर झोपलं तरी जात नाही. भीती दंडाची नाही, मृण्मयीच्या आवाजाची आहे. त्या आवाजात काहीही खरं वाटतं.

लहानपणी ती स्टेशनवरच्या सूचनांची हुबेहूब नक्कल करायची. एकदा तिने अंगणातून गाडी आल्याचं पुकारलं आणि तिचे रेणुकादासमामा उष्ट्या हाताने पिशवी उचलून स्टेशनकडे पळाले. परत आले ते हसतच. म्हणाले, "ही पोरगी गळ्यावर पोट भरणार."

तसंच झालं. लग्नानंतर लातूरला तिने एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं. साड्यांचे सेल, दुकानांची उद्घाटनं आणि निवडणुका आल्या की प्रचाराच्या रिक्षा. सकाळी एका उमेदवाराचं, दुपारी त्याच्याच विरोधकाचं. मी एकदा हटकलं तर म्हणाली, "अगं आई, आवाज माझा, बोलणं त्यांचं. बँडवाल्याला कधी विचारलंस का, कुणाच्या वरातीत वाजवतोस म्हणून?"

यंदा नगरपालिकेला आमच्या शेजारची उज्वला उभी राहिली. ऐन प्रचारात तिच्या सासूचं, केवळाबाईंचं, लातूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उज्वलाला प्रचार सोडून हलता येईना, म्हणून केवळाबाई मृण्मयीकडेच राहिल्या. पोरीने त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, मऊ भात करून वाढला.

त्या घरी परतल्या आणि एका दुपारी गल्लीतून विरोधकांची रिक्षा गेली. "सासूला लातूरच्या वृद्धाश्रमात टाकणाऱ्या उज्वलाताई गावाला काय सांभाळणार?" आवाज मृण्मयीचा.

केवळाबाई काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "मृण्मयीची आई, आश्रमात लई बडदास्त होती बरं का. भातावर तूप बी वाढायचे." मला हसता आलं नाही. त्याही हसत नव्हत्या.

उज्वला निवडणुकीत पडली. तिने तक्रार केली, आणि कोर्टाची परवानगी घेऊन पोलिसांनी मृण्मयीला जबाबासाठी बोलावलं.

"वाचताना तुला कळलं नव्हतं?" मी तिला फोनवर विचारलं.

"कळलं होतं. नावावर अडखळले, मग परत रेकॉर्ड केलं."

"तेव्हा केवळाकाकू कुठे होत्या?"

"आतल्या खोलीत. झोपल्या होत्या."

मग मी लातूरला गेले आणि आम्ही दोघी वकिलांकडे गेलो. त्यांनी कायदा समजावून सांगितला. निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल खोटं विधान करणं हा गुन्हा आहे. पण ते खोटं आहे हे बोलणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, निदान खरं वाटत नसलं पाहिजे. शिक्षा फक्त दंडाची. "कागद आला तसा वाचला, खरंखोटं मला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणायचं," ते म्हणाले. मृण्मयीने होकारार्थी मान हलवली. मला ती मानच आठवत राहिली.

ठाऊक नव्हतं म्हणायचं, तर केवळाबाई तिच्या घरी राहिल्याच नाहीत असं म्हणावं लागेल.

आज संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते. केवळाबाई भिंतीपलीकडून हळूच म्हणाल्या, "पोरीला सांगा, घाबरू नको म्हणावं. मला इचारलं तर म्या सांगीन, म्या तिच्याकडं गेलेच न्हवते. उज्वलाला काय बोलायचं ते बोलू द्या."

"अहो, पण तुम्ही का खोटं बोलायचं?"

"तिच्या हातचं खाल्लंय न्हवं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ज्या बाईच्या नावाने खोटं बोललं गेलं, तीच आता पोरीसाठी पोलिसांपुढे खोटं बोलायला तयार आहे. दंड भरता येईल. हे कशाने भरून काढणार?

मृण्मयी पहाटेच्या गाडीने निघेल. तिला सांगायचंय, वकिलांचं वाक्य लातूरलाच ठेवून ये. आधी केवळाकाकूंच्या ओट्यावर जा, मग ठाण्यात. जे मला सांगितलंस तेच तिथे सांग, अडखळत सांगितलंस तरी चालेल. मी बरोबर येते.

ती जागीच असणार. फोन लावते.