सशाचं रक्त आणि कोठडीतली बाई

त्या प्रकरणाला इतकी वर्षं लोटली, तरी ते मनात आलं की मला अजून स्वतःचाच राग येतो.

एकोणीसशे तीसच्या दशकात मी नाशकात फौजदार होतो. एका सकाळी जुन्या गावातल्या मोहल्ल्यातून एकजण खबर घेऊन आला. "साहेब, शेजारची मयत दफनाला चाललीय. पण अंगभर काळेनिळे डाग हायेत. त्याची बायको भरदिवसा दार लावून कायतरी कालवायची. लय उग्र वास यायचा."

मयत रेनकोटच्या कारखान्यात कामाला होता. वय तिशीच्या आत. मी जनाजा अडवला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. घराच्या पंचनाम्यात त्या वासाचा डबा मिळाला. बायकोला अटक केली. जमावासमोर छाती जरा फुगलीच होती माझी.

चौकशीत ती रडली नाही, म्हणून संशय आणखी बळावला.

"डब्यात काय आहे?"

"रबराचं सोल्युशन, साहेब. ते कारखान्यातून काम घरी आणायचे. मी कापडाचे जोड चिकटवायची."

"मग दार कशाला लावायचीस?"

"उघडं ठेवलं तर ओल्यावर धूल बसते. माल वापस येतो."

मी जबाब शब्द न् शब्द लिहून घेतला आणि एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. दार लावते म्हणजे चोराच्या मनात चांदणं, हे माझं अनुमान.

मुंबईहून रासायनिक तपासणीचा अहवाल आला. सोमल नाही, धोतरा नाही, कसलंच विष नाही. तरी मी हटून बसलो. रिमांड वाढवून घेत राहिलो.

शेवटी शवविच्छेदन करणाऱ्या, सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी मला बोलावलं. त्यांनी बंद खोलीत सशाचा पिंजरा ठेवून शेजारी तसलंच सोल्युशन उघडं ठेवलं होतं. सशाच्या कानातून थेंबभर रक्त घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजत.

"रोगाशी लढतात त्या या पेशी," ते म्हणाले. "रबर पातळ करायला बेंझॉल घालतात. त्याची वाफ रोज छातीत गेली की रक्तातल्या कुठल्याच नव्या पेशी तयार होत नाहीत. रक्त थांबत नाही, नुसत्या धक्क्यानेही डाग पडतात. त्याला कुणी मारलेलं नाही, फौजदार."

ससा कोपऱ्यात मान टाकून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

ताडून पाहायला त्यांना निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. मी बोट पुढे केलं. बाईला सोडायचं ठरलं; सुटकेआधीच्या तपासणीसाठी तिला दवाखान्यात आणलं, तेव्हा तिचंही घेतलं. माझ्या पेशी भरपूर निघाल्या. तिच्या मोजताना डॉक्टर थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. सशाहून कमी होत्या.

"साहेब, मी सुटले ना?" तिने विचारलं.

"सुटलात," मी म्हणालो. तिला अहो-जाहो करायचं मला तेव्हा सुचलं. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही. ते डॉक्टरांनी तिच्या भावाला बाजूला नेऊन सांगितलं.

कारखाना चालूच राहिला. कुणाला पकडावं असं कलम माझ्याजवळ नव्हतं. पुढे नोकरीत मी अनेक जबाब घेतले, पण लिहिण्याआधी ऐकायला त्या बाईने शिकवलं. उशीर मात्र तिच्याच वाट्याला आला. सुटल्यावर ती दीड महिना जगली. त्याआधीचे दोन महिने मी तिला कोठडीत ठेवलं होतं, आणि नवऱ्याच्या कबरीवर माती टाकायलाही सोडलं नव्हतं.