दोरीवाल्यांचं चिलखत

राग हा वठवायला सगळ्यात सोपा, असं आम्ही नटमंडळी म्हणायचो. भुवया वर, मुठी घट्ट, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, की टाळी ठरलेली. पण खराखुरा राग मी पाहिला तो आमच्या कपडेपटातल्या बाईचा, आणि तिला आवाज चढवायची सोयच नव्हती. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. म्हणून तिचं नाव पडलं टाचणीबाई. टाचण्या काढून ठेवल्या तरी बोलणं टोचायचंच.

मी जन्मभर राजांची कामं केली. ती मला अजूनही 'राजे'च म्हणते. पूर्वी कमरेचा घेर घेताना म्हणायची, "राजे, राज्यविस्तार आवरा." दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात भिकाऱ्याचा राजा करण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिचे कपडे समोरून शिवलेले दिसत, पण बाजूला आतून टिचबटणं असत. एक ओढ दिली की अख्खा झगा हातात. आणि तिचा एक कायदा होता: विंगेत कपड्याचा आवाज होता कामा नये. सळसळणारं कापड तिने कधी खरेदीच केलं नाही.

तिचे यजमान आमचा पडदा ओढायचे. त्यांना सगळे दोरीवाले म्हणत. उंच, हडकुळा, मितभाषी माणूस. एखादा नट वाक्य विसरून घामाघूम झाला की दोरीवाले असा काही पडदा सोडत, की प्रेक्षकांना वाटे अंक इथेच संपायचा होता. किती जणांची लाज त्या दोरीने झाकली आहे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवला असता तर पुढचं घडलंच नसतं.

मंडळी म्हातारी झाली, नाटकं बंद पडली. तरी आठवड्यातून एकदा आम्ही उरलेसुरले लोक तालमीच्या जुन्या खोलीत जमतो आणि एखादं नाटक वाचतो. दोरीवाले वाचत नसत. ते भिंतीशी बसून ऐकत, आणि अंक संपत आला की त्यांची उजवी मूठ हवेत वर जाऊन हळूहळू खाली येई. दोरी नाही, पडदा नाही, नुसती मूठ. ती मांडीवर टेकली की अंक संपला. ती टेकेपर्यंत पुढचं पान उलटायची कोणाची छाती नव्हती.

मग त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना लघवीवरचा ताबाही घेऊन गेली. डायपर आले. घरात ते निभावत होतं. पण एकदा वाचन लांबलं आणि दोरीवाले उठले तेव्हा खुर्चीच्या फिक्या कापडावर डाग होता.

खुर्च्या नव्या होत्या. त्या चिटणीसांनी निवडल्या होत्या. आमच्या संस्थेचे चिटणीस म्हणजे नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. ते काही वाईटसाईट बोलले नाहीत. अगदी मधाळ आवाजात म्हणाले, "वहिनी, आता दोरीवाल्यांना आराम द्या. या वयात दगदग कशाला?" आणि पुढच्या आठवड्यात दाराजवळ एक खुर्ची वेगळी मांडलेली. तिला पार्सलचं प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्ट्या मारलेल्या.

"ही त्यांची. म्हणजे त्यांनाही संकोच नको," चिटणीस म्हणाले.

दोरीवाले त्या खुर्चीवर बसले. माझ्या वाट्याला त्या दिवशी मरणाचा प्रवेश होता. मी शेवटचा श्वास घेतला, खोली गप्प झाली, आणि त्या शांततेत दोरीवाले जरा सरकून बसले. कर्रर्र. मागून कोणीतरी फिसकन हसलं. दोरीवाल्यांची वर गेलेली मूठ तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती खिशात घातली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुस्तक मिटून म्हणालो, "चिटणीस, मरतोय मी आणि हसताय तुम्ही?" चिटणीस म्हणाले, "राजेसाहेब, प्रश्न स्वच्छतेचा आहे." स्वच्छता! माणसाला दाराशी बसवायचं आणि वर स्वच्छतेचं नाव! टाचणीबाईने नवऱ्याला हाताला धरून उठवलं, आणि जाताना त्या चिकटपट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. शिंपी कापड पाहतो तसं.

पुढच्या आठवड्यात दोरीवाले आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी घरी गेलो.

त्यांच्या खोलीत कपडेपटातला बिनमुंडक्याचा पुतळा टेबलावर उभा होता आणि त्याला डायपर घातलेला होता. टाचणीबाई त्यात किटलीने कोरा चहा ओतत होती.

"या, राजे. दरबार भरलाय," ती म्हणाली.

"हे काय चाललंय?"

"चिलखत शिवतेय. तुम्हाला चंदेरी शिवायचे, यांना पांढरं."

दुकानात मिळणारी प्लास्टिकची चड्डी तिने आधी आणून पाहिली होती. ती चालताना वाजायची आणि आत घाम साचून मांड्या लाल व्हायच्या. "माझ्या नवऱ्याने काय वाजत-गाजत फिरायचं?" म्हणून तिने ती फेकली. मग तान्ह्या मुलांच्या अंथरुणाखाली घालतात तसलं कापड आणलं, एका बाजूने मऊ, दुसऱ्या बाजूने पाणी न सोडणारं. सळसळत नाही, धुता येतं. त्याची तिने डायपरवरून घालायची चड्डी शिवली होती. आणि काय शिवली होती! मधोमध मजबुतीसाठी दुहेरी शिलाई, मांड्यांना रुतू नये म्हणून सुती कापडाची गोट, बसायला अशी घट्ट की सुरकुती नाही. राजवाड्यात पाठवावी अशी.

पुतळ्याच्या मांडीवरून चहा टपटप टेबलावर पडत होता.

"गळतेय," मी म्हणालो.

"दिसतंय मला. डोळे आहेत अजून." तिने चड्डी उतरवली, उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मधल्या शिवणीवर चहाच्या थेंबांची रांग उभी होती, सुईच्या प्रत्येक भोकाला एक. मांडीच्या सुती गोटेने आतला चहा पिऊन बाहेर आणून ठेवला होता. आणि घट्टपणामुळे डायपर असा आवळला होता की त्याला फुगायला, शोषायला जागाच नव्हती.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. "बघा ना, राजे. जी शिलाई जन्मभर चांगली म्हणून मिरवली, तीच भोकं पाडतेय. जी गोट लावल्याशिवाय मी कपडा हातावेगळा केला नाही, तीच चुगली करतेय." आणि तिने ती चड्डी टराटरा उसवली. कापड नाही, वैरी फाडत असल्यासारखी.

पलंगावरून दोरीवाले म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. घरी बरंय मला."

"तुम्ही गप्प बसा! घरी बरंय म्हणे! घरी बरं असतं तर मूठ खिशात का ठेवता?"

पुढचे काही दिवस त्या खोलीत चहाचाच वास होता. नवीन चिलखत एका अखंड तुकड्याचं झालं. खाली शिवण नाहीच. शिवणी फक्त कमरेशी, उंच, जिथे पाणी पोचत नाही. मांडीला तेच कापड आत दुमडून त्यात मऊ इलॅस्टिक, सुताचा धागाही कडेला नाही. आत डायपरला फुगायला ऐसपैस जागा. आणि दोन्ही बाजूंना तिची लाडकी टिचबटणं, म्हणजे पायातून ओढत बसायला नको. घातल्यावर ती बोट फिरवून पाही, डायपरची कड कुठे बाहेर डोकावत नाही ना; कारण बाहेर राहिलेली कड म्हणजे लोंबती वातच. तिला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. "हे काही धरण नाही, राजे. डायपर वेळेवर बदलायचाच. हे फक्त चार लोकांत उठून जायची सवड देतं."

घरात दोरीवाले ते घालून वावरू लागले. एक थेंब बाहेर नाही. टाचणीबाई खूश. म्हणजे तिच्या मानाने खूश. मला म्हणाली, "आता येते वाचनाला, आणि बघते त्या चिकटपट्टीवाल्याकडे."

आणि निघायच्या आदल्या दिवशी दोरीवाले जिन्यात चक्कर येऊन खाली बसले.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी दोरीवाल्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "आजोबा, पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

दोरीवाले छताकडे बघत राहिले. पडदा कुठे सोडायचा ते शोधत असल्यासारखे.

"अहो, त्या काय विचारताहेत?"

"सकाळी चूळ भरतो," दोरीवाले म्हणाले.

"चूळ? आणि मी जेवताना भांडं भरून ठेवते ते?"

"कुंडीत."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पाणी तोडल्याने गळणं थांबत नाही, उलट लघवी गडद होते, जळजळते, आणि माणूस आजारी पडतो. मग त्या गेल्या.

"का?" टाचणीबाईने विचारलं.

"तू एवढं रात्रंदिवस शिवतेयस," दोरीवाले हळूच म्हणाले. "तुझं चिलखत नापास व्हायला नको म्हणून."

"म्हणजे इतके दिवस मी वाळवंटाची परीक्षा घेत होते!" तिच्या हातातली कात्री खाली पडली. "मेलात तर कोरडे मराल, असं का? पुतळ्याला चहा मिळतोय आणि नवरा तहानलेला! त्या खुर्चीची एवढी भीती बसली तुम्हाला? लाकडाची आहे ती, अहो! लाकडाची!" आणि मग ती रडली. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. रंगमंचावर असतो तर कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात ते आले नाहीत. पाणी भरून काढायला वेळ लागला, आणि चिलखताची खरी परीक्षाही त्यानंतरच झाली. भरल्या पोटी, भरल्या भांड्यांनी. एका जागी मांडीशी जरा ओल आली. तिने इलॅस्टिक सैल केलं, कापड आणखी आत दुमडलं, पुन्हा पाजलं. "प्या," एवढाच त्या घरातला संवाद उरला होता.

मग एका दिवशी तालमीच्या खोलीचं दार उघडलं आणि दोघं आत आले. दोरीवाल्यांचा सदरा इस्त्रीचा. टाचणीबाईच्या खांद्याला पिशवी. दाराशी ती प्लास्टिकची खुर्ची वाट पाहतच होती.

टाचणीबाईने पिशवीतून कात्री काढली. चिकटपट्टीवर एक काप, मग दुसरा. प्लास्टिक सापाच्या कातीसारखं खाली पडलं.

"वहिनी, वहिनी!" चिटणीस धावले. "खुर्च्या संस्थेच्या आहेत."

"आणि हे कोणाचे आहेत? हे काय भाड्याने आणले होते?"

"तसं नव्हे, पण पुन्हा जर—"

"पुन्हा जर झालं तर मी पुसेन. ओल्या फडक्याने पुसलं की जातं ते. तुम्ही हसलात ते कशाने पुसू, सांगा!"

"मी हसलो नव्हतो हो..."

"कोण हसलं ते मला ठाऊक नाही. खुर्ची तुम्ही गुंडाळलीत, म्हणून तुम्हाला विचारतेय."

टाचणीबाईने ती खुर्ची उचलली, भिंतीशी, त्यांच्या जुन्या जागी नेऊन ठेवली आणि नवऱ्याला बसवलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली आणि पेला काढला. पेला काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यापुढे धरला.

"प्या."

दोरीवाल्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग मान वळवून स्वतःखालच्या त्या फिक्या कापडाकडे पाहिलं. आम्ही सगळे पुस्तकं उघडून बसलो होतो आणि एकाचंही लक्ष पुस्तकात नव्हतं. ते प्यायले. हळूहळू, गळ्याची घाटी वरखाली होत, तळापर्यंत.

"वाचा आता," टाचणीबाई आमच्यावर खेकसली. "तोंड काय बघताय?"

आम्ही वाचलं. मध्येच ती त्यांना घेऊन उठली. बाहेरच्या मोरीत ना खुंटी, ना टेकायला फळी. डायपर बदलून परत येताना चिटणीसांच्या कानाशी म्हणाली, "खुर्च्यांवर नजर ठेवता, जरा तिथे एक खुंटी ठोका. म्हातारे तुम्हीही होणार आहात."

अंक संपत आला. मरणाचा तोच प्रवेश, तोच मी. शेवटचा श्वास घेतला आणि थांबलो. खोलीत कसलाही आवाज नव्हता. दोरीवाल्यांची मूठ खिशातून निघाली, वर गेली, क्षणभर वरच राहिली, आणि मग सावकाश, अगदी सावकाश खाली आली.

पण मांडीवर टेकायच्या आधी ती उघडली आणि बायकोकडे वळली.

"पाणी आहे का गं अजून?"

टाचणीबाईने बाटली उलटी करून दाखवली. "सगळं संपवलंत! घरी जाईपर्यंत मी काय पिऊ?"

चिटणीस उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरून आणला. टाचणीबाईने तो हातातून घेईपर्यंत ते तिच्यापुढे अवघडून उभे होते, आणि तिने घेतला तोही रागानेच.

दोरीवाले प्यायले. मूठ मांडीवर टेकली. मग आम्ही पान उलटलं.