ब्राँझच्या नर्तकाचा हात

या ग्रुपवरचे चमत्कारांचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आलोय. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या नागपूरच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्या. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की बाबा मला मुद्दाम घेऊन जायचे... ढोंग कसं ओळखायचं ते शिकवायला.

बाबा बोर्ड रंगवणारे पेंटर. गेल्या जूनमध्ये ते आमच्याकडे अमेरिकेत, चँडलरला आले, तेव्हा त्यांचा उजवा हात इतका थरथरायचा की चहाचा कप मला धरावा लागे. मी धरायचो, पण चिडचिड करत.

त्यांना दाखवायला नेलं त्या क्लिनिकच्या अंगणात अपाचे या तिथल्या आदिवासी जमातीच्या नर्तकांचं ब्राँझचं शिल्प आहे. चौघे मुखवटे घातलेले, डोक्यावर उंच मुकुट. हा नाच आजारी माणसासाठी करतात, असं पाटीवर लिहिलंय. दुपारी एकच्या उन्हात बाबांनी त्यातल्या एकाचा हात धरला. भाजेल म्हणून मी ओरडलो.

"थंड आहे रे," ते म्हणाले.

मी बोट लावून पाहिलं, चांगलाच चटका बसला. बाबांची थरथर मात्र थांबली होती! माझं पेन घेऊन त्यांनी औषधांच्या कागदी पिशवीवर माझ्या मुलीचं नाव लिहिलं – संघमित्रा. अगदी त्यांच्या जुन्या बोर्डांसारखं, वळणदार. घरी पोचेपर्यंत हात पुन्हा हलू लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. जन्मभर आम्हाला शिकवलं, आणि आता स्वतःच पुतळ्याचा हात धरतात? शनिवारी त्याच वेळेला दोन मित्रांसमोर टेस्ट करायला मी त्यांना परत नेलं.

बाबा मागे सरकले. "नको रे. त्याचा तमाशा नको करू."

मी हसत त्यांचं मनगट पकडलं आणि पंजा ब्राँझवर दाबून धरला. "सांगा आता, थंड आहे?"

ते ओरडले नाहीत, म्हणून मी सोडला नाही. तळहाताची कातडी सोलून निघाली.

या आजारात हात कधीकधी थोडा वेळ स्थिर होतो, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या उन्हात ब्राँझ थंड कसं लागलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही. ती पिशवी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बाबा आता नागपुरात असतात, ताई त्यांना भरवते. व्हिडिओ कॉलवर विचारतात, "गेला होतास? थंड आहे का रे?"

मी दर शनिवारी जातो, हात ठेवतो, भाजून घेतो. "हो बाबा, थंड आहे," असं सांगतो.

"मग मला ने ना परत," ते म्हणतात. आणि मी फोन संघमित्राकडे देतो.