राणीसाहेबांच्या बांगड्या

मेढ्यातल्या आमच्या आळीच्या बनुबाई तीन वर्षं राजवाड्यात दासी होत्या. राजवाडा प्लायवूडचा, डोंगराखालच्या माळावर उभा केलेला. राजघराण्याची एक मालिका तिथं चालायची. दासी मीही होते, पण मी भांडून पुढं उभी राहायचे. बनुबाई मात्र सांगतील तिथं, म्हणजे खांबामागं. 'पुढं सरका की,' म्हणून मी कितीदा कोपरानं ढोसलं असेल! पण मेंगळट बाई, जन्मभर कडेकडेनंच चाललेली.

त्यांची लेक पूजा सांगलीला दिलीय. रोज संध्याकाळी ती सासूला टीव्हीपुढं बसवून सांगायची, "ती बघा, माझी आई." सासू म्हणायची, "कुठं? मला तर खांबच दिसतोय." पूजा हे फोनवर हसत सांगायची, पण तिला लागायचं. बनुबाईंना त्याहून जास्त लागायचं.

मग मालिकेचं शेवटचं पर्व आलं. राजे लढाईत पडणार, राणीसाहेब विधवा होणार. त्यांच्या बांगड्या फोडायला वयस्क दासी हवी होती, आणि डायरेक्टरनं बनुबाईंकडं बोट केलं. चक्क क्लोजअप! बनुबाईंनी लगेच सांगलीला फोन लावला. पूजानं तो भाग बघायला अख्ख्या गल्लीला चहाचं बोलावणं केलं.

शूटिंगला राणीसाहेबांनी हात पुढं केला. हिरव्या काचेनं मनगट भरलेलं, आणि पोरगी पूजाच्याच वयाची. बनुबाईंनी हात धरला आणि धरूनच बसल्या. त्यांना काय आठवत होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचे यजमान कृष्णातभाऊ गेले, तेव्हा जावांनी त्यांचे हात असेच धरून दगडावर आपटले होते. एरवी बांगडी पिचली तरी आम्ही बायका 'वाढवली' म्हणतो, अभद्र बोलू नये म्हणून. त्या दिवशी कुणालाच काही अभद्र वाटलं नाही. काचेचा वण अजून बनुबाईंच्या मनगटावर आहे.

त्यांनी शेजारच्या समईत बोटं बुडवली, त्या पोरीच्या हाताला तेल लावलं आणि एकेक बांगडी हलकेच उतरवायला लागल्या. "दुखतंय का गं?" असंही विचारलं.

"अहो मावशी, काढायच्या नाहीत, फोडायच्यात!" डायरेक्टर ओरडला.

"साहेब, माज्या फोडल्या तवा मला कुनी इचारलं न्हाई. मी हिच्या फोडायची न्हाई."

"अहो, खोटं आहे हे सगळं!"

"हात तर खराच हाय की."

दासींतलीच शिरवळची एक बाई तयारच होती. तिनं धडाधड फोडल्या. बनुबाई आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

तो भाग लागला तेव्हा त्या माझ्याच घरी बसल्या होत्या. "पोरीला आधी कळवा तरी," मी म्हटलं.

"तिनं मानसं बोलावल्यात. कुठल्या तोंडानं सांगू?"

टीव्हीवर शिरवळची बाई ऊर बडवत होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं बायकांचा गलका चालला होता आणि पूजाचा आवाज रडवेला झाला होता.

"आई, तू कुठं हायस गं?"

बनुबाईंनी मोकळ्या मनगटावरून हात फिरवला.

"हाय की बाळा," त्या म्हणाल्या. "खांबामागं."