माझा हात चालत होता

घोलवडमध्ये अजूनही सांगतात, की मुंबईच्या डॉक्टरांनी माझं ऑपरेशन बिघडवलं. हे खोटं आहे, आणि ते पसरवलं मीच.

पालघर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. टेम्पोच्या अपघातात माझा उजवा हात खांद्यापासून गेला. डॉक्टरांनी हाताकडे जाणाऱ्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या. मी मनात मूठ मिटली की छातीचा स्नायू हलायचा आणि त्यावरून खांद्याला बसवलेला यंत्राचा हात मूठ मिटायचा. नसा रुजायला काही महिने गेले. मग छातीवर मुंगी चढली तरी ती गेलेल्या अंगठ्यावरून चालतेय असं वाटायचं.

हात चालू लागला, पण घरात मी ते सांगितलंच नाही. बायको चिकू सोलून, बिया काढून भरवायची. उभ्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. डावा हात धड होता, पण त्याची आठवण मी कशाला करून देऊ? शिव्या मात्र डॉक्टरांना बसत होत्या.

एका दुपारी तलासरीकडचा एक तरुण शेतकरी बायकोला घेऊन आला. त्याचा हात भातगिरणीच्या पट्ट्यात गेला होता. त्यालाही हेच ऑपरेशन सुचवलं होतं.

“काका, खरं सांगा. करू का?”

माझी बायको चिकूची फोड घेऊन समोरच उभी. मी म्हटलं, “काय उपयोग? बघ, नुसता लोंबतोय.”

“मग नाहीच जात.”

त्याच्या बायकोने पिशवी उचलली. ती दोघं फाटकाशी पोचली, तशी बायकोने पुढे केलेली फोड मी बाजूला सारली. मी धावलो, आणि हाक मारायची सोडून त्याची रिकामी बाहीच धरली. यंत्राच्या हाताने. घाबरल्यामुळे मूठ उघडायची कशी तेच आठवेना. सोडायला जावं तर आणखी आवळायची.

“काका, सोडा की!”

“सुटत नाही रे!”

मागून बायको कडाडली, “अहो! म्हणजे चालतो की मेला! आणि मी इथे चिमणीच्या पिल्लासारखं भरवतेय तुम्हाला!”

मी बाही धरूनच सगळं कबूल केलं. तो मात्र ऐकत नव्हता. वाकून त्या बोटांकडे बघत होता.

“सोडू नका, काका. अजून दाबा जरा.”

मी दाबली. बाहीची शिवण टर्रकन उसवली.

“फाटू दे,” त्याची बायको म्हणाली. “दाबा.”