न दिसणारे रंग

पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या सौंसरच्या शाळेत एक शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. केसाहून बारीक काचेचा तंतू ते जावळासारखा जपून हाताळत होते. "लेसरचा किरण यातून गेला की अनेक रंगांत पसरतो," ते म्हणाले, "पण ते रंग डोळ्यांना दिसत नाहीत."

त्यांनी तंतू लेसरच्या यंत्राला जोडताच समारंभाचे अध्यक्ष, संत्र्यांचे बडे व्यापारी, ओरडले, "वा! काय उजेड पडून राहिला जी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांना तर जांभळाही दिसला.

पाहुण्यांनी चष्मा पुसला. "अजून प्लग लावायचा आहे," ते हळूच म्हणाले.

"बिना प्लगचा एवढा," अध्यक्ष थक्क झाले, "तं लावल्यावर केवढा पडन!"

पुन्हा टाळ्या. पाहुण्यांनी प्लग लावलाच नाही. तंतू पेटीत ठेवला आणि हारासाठी मान पुढे केली.