येऊन रायला

अशोकदादा समुद्रात नाही मेला. अकोल्यात, घरच्या पलंगावर मेला.
एवढं एक त्यानं माझं ऐकलं.

काल दुपारी गेला. आज सकाळी सगळं आटोपलं.
फोन लय येऊन रायले. प्रत्येकाले तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून इथं एकदाच लिहून टाकते.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. बाळापूरच्या शाळेत गणित शिकवलं आणि रविवार आला की काटेपूर्णाच्या धरणावर गळ टाकून बसला.
रिटायर झाल्यावर त्याचे सगळेच वार रविवार झाले.

मरळ आणली, कटला आणला. साफ करून करून वहिनीनं हात टेकले.
पण त्याच्या डोक्यात बसली तांबोशी. समुद्रातला तो लाल मासा त्यानं मोबाइलवर पाहिला आणि तेव्हापासून त्याले दुसरं काही सुचेना. जिंदगीत एक तांबोशी आपल्या हातानं ओढायची, बस.

मग हार्टचं निघालं. डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी आहे, ओढाताण अजिबात नाही.
हा म्हणे, मग तर लवकरच जाऊ.

वहिनीले पाण्याची भीती, म्हणून सोबत मी. मी अमरावतीले वकिली करते. घरातलं भांडायचं काम बी माझ्याचकडं.
घरीच ठरवून घेतलं होतं. मासा लागला की दोरी तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, हातात द्यायची. दादानं नुसतं पाहायचं.
तो इतक्या लवकर हो म्हणाला की मले तिथंच डाउट आला.

गेल्या मे महिन्यात मालवणले गेलो. इकडं अकोल्यात डांबर वितळून रायलं होतं.
बोट फक्त आमच्यासाठी ठरवलेली. तांडेल निघतानाच बोलला होता, हे दिवस भरवशाचे नाहीत, वारा फिरला की आपण परत.

सकाळी पाणी परातीतल्यासारखं शांत होतं.
मग ढग. मग ऊन. मग शिंतोडे. मग पुन्हा ऊन, आणि खालून लाटा.
मी दोनदा ओकली. दादा बाजूले बसून भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन रायला होता.

मासा काही लागेना.
मग वारा फिरला. तांडेलानं नांगर वर घेतला, मागं इंजिनापाशी गेला. म्हणे, गुंडाळा आता.

तेव्हाच दादाची दोरी ताणली.

मी म्हटलं, दादा, दे त्याले.
त्यानं माझ्याकडं पाहिलं बी नाही.

दोन्ही हातानं ओढून रायला होता. तोंड लाल, कपाळाची शीर वर आलेली. मी मागून त्याचा शर्ट गच्च धरला. त्याचं लक्ष पाण्यात, माझं त्याच्या पंपिंगमध्ये.

पाण्याखाली काहीतरी लाल फिरलं.

मागून तांडेलानं विचारलं, "मासो इलो?" म्हणजे, आला का.
दादा म्हणाला, "येऊन रायला!"

आता आपल्याकडं याचा अर्थ काय? येतो आहे. वाटेत आहे. अजून यायचा आहे.
तांडेलाले ऐकू गेलं, येऊन राहिला. म्हणजे आला, आणि बोटीत राहिला बी.

त्यानं गिअर टाकला. बोट वळली. दोरी पंख्यात गेली आणि तुटली.
तांबोशी गेली.

तांडेल समोर येऊन बोटीत इकडं तिकडं पाहून रायला. "मासो खंय?" म्हणे.
दादा मटकन खाली बसला. दम लागला होता, खांदे हलून रायले होते. मले वाटलं, झालं, आता वहिनीले काय सांगू.
आणि हा हसून रायला होता. बाप्पा, किती हसला. मग तांडेलाले वऱ्हाडीचं व्याकरण समजावलं, तशा हलत्या बोटीत. तो बी हसला बिचारा.

अकोल्यात जो भेटला तो विचारे, मास्तर, भेटली का तांबोशी?
याचं एकच उत्तर. "येऊन रायली."
गेली, असं त्यानं कोणाले सांगितलं नाही. मी वकील माणूस, मले असली साक्ष आवडत नाही. पण खोटी बी म्हणता येत नव्हती.

काल वहिनीचा फोन आला, दम लागला आहे, लवकर ये.
मी लगेच गाडी काढली. मूर्तिजापूरच्या पुढं ट्रकांची लाइन, काही हलेना.

पुन्हा फोन आला. वहिनीनं तो दादाच्या कानाले लावला होता.
"निमे, कुठं आहेस?"
"येऊन रायली, दादा."

त्याची धाप ऐकू येऊन रायली होती.
मग म्हणे, "अकोल्याचं समजू, का मालवणचं?"

पुढं ट्रक उभा होता. मागं बी ट्रक.
मी म्हटलं, "मालवणचं समज."
"बरं," म्हणे.

मी पोचली तेव्हा तो नव्हता.

वहिनी सांगते, फोन ठेवल्यावर तिले म्हणाला, निमी आली, चहा टाक.
तिनं टाकला होता. ओट्यावर तसाच होता, साय धरलेला. मी तो पिला.

मले लय वाईट वाटून रायलं. तेवढं बी लिहून ठेवते.

दादा, आली मी.
नमस्कार घे.